मेगाहर्ट्झ ते टॉप्स: डब्यावरच्या आकड्याची पार्श्वभूमी
पुण्यात कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की लॅपटॉपच्या दुकानात ठरलेला प्रश्न येतो, "आय-फाइव्ह आहे ना? कितव्या जनरेशनचा?" विचारणाऱ्याला चिपच्या आत काय चालतं याच्याशी देणंघेणं नसतं, आणि त्यात गैर काही नाही. प्रोसेसर हाताळून पारखता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक आकडा धरून बसतं. तो आकडा कोणता असावा, यावरून चिप कंपन्या गेली तीसेक वर्षं झुंजत आहेत.

1991 मध्ये अमेरिकी न्यायालयाने 386 या आकड्यावर, म्हणजे इंटेलच्या प्रोसेसरच्या नावावर, इंटेलला ट्रेडमार्कचा हक्क नाकारला. प्रतिस्पर्धी एएमडीलाही आपली चिप त्याच आकड्याने विकायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी इंटेलने 'इंटेल इनसाइड' मोहीम काढली आणि 1993 मध्ये पुढच्या चिपला 586 ऐवजी 'पेंटियम' हे नाव दिलं.

पुढे मेगाहर्ट्झची, म्हणजे चिपच्या घड्याळाचे सेकंदाला किती दशलक्ष ठोके पडतात याची, शर्यत लागली. मार्च 2000 मध्ये एएमडीने एक गिगाहर्ट्झ (1000 मेगाहर्ट्झ) गाठला, दोनच दिवसांनी इंटेलनेही. वर्षअखेर आलेल्या पेंटियम 4 ची रचनाच ठोके वाढावेत अशी होती. सूचना पार पाडण्याचे 20 बारीक टप्पे पाडलेले. त्यामुळे वेग दिसायला भरपूर, पण दर ठोक्याला होणारं काम कमी. कमी ठोक्यांत जास्त काम करणाऱ्या एएमडीची पंचाईत झाली. ऑक्टोबर 2001 मध्ये तिने 'अ‍ॅथलॉन एक्सपी 1800+' काढला. तो चालायचा 1.53 गिगाहर्ट्झवर. नाव असं, की घेणाऱ्याने ते मेगाहर्ट्झच समजावं. मला यात लबाडीपेक्षा नाइलाज जास्त दिसतो. 2004 मध्ये इंटेलनेच 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 रद्द केला आणि ही शर्यत आटोपली.

मग कोअर, म्हणजे एका चिपमधले स्वतंत्र प्रोसेसर, मोजले गेले, आणि त्यानंतर चिप किती बारीक घडवली ते सांगणारे नॅनोमीटर. 1990 च्या दशकात हे माप ट्रान्झिस्टरच्या (चिपमधल्या सूक्ष्म स्विचच्या) गेटच्या, म्हणजे तो चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, लांबीशी बरंचसं जुळायचं. आजच्या '5 नॅनोमीटर' चिपमध्ये एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतरच 50 नॅनोमीटरच्या आसपास आहे. उरलंय ते नुसतं नाव. पण बाजाराला नाव पुरतं. 23 जुलै 2020 ला इंटेलने 7 नॅनोमीटरला उशीर होणार असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे 16 टक्के कोसळला. उशीर खराच होता. मात्र इंटेलच्या '10' ची ट्रान्झिस्टर-घनता तैवानच्या टीएसएमसीच्या '7' च्या तोडीची होती, हे इंजिनिअर मंडळींपलीकडे फारसं पोचलंच नव्हतं. जुलै 2021 मध्ये इंटेलने सुधारित 10 नॅनोमीटर प्रक्रियेचं बारसं 'इंटेल 7' असं केलं. एएमडीने वीस वर्षांपूर्वी काढलेली पळवाट आता इंटेलच्या कामी आली.

सध्या चलती टॉप्सची आहे, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये 'कोपायलट प्लस' या एआय लॅपटॉपसाठी 40 टॉप्सची अट घातली. हा आकडा कागदावरच्या कमाल क्षमतेचा, शिवाय मोजणीवर अवलंबून: बऱ्याच चिपवर 16 बिटांऐवजी 8 बिटांत मोजलं की तो दुप्पट होतो.

महासंगणकवाल्यांना हा फरक जुना आहे. पुण्यात उभा राहिलेला टाटांचा 'एका' नोव्हेंबर 2007 मध्ये जगात चौथा आला, तेव्हा त्याची कागदावरची क्षमता सुमारे 170 टेराफ्लॉप्स (सेकंदाला तितकी लाख कोटी दशांश गणितं) होती. क्रमांक मिळाला तो प्रत्यक्ष चाचणीत भरलेल्या 117.9 वर. लॅपटॉपच्या डब्यावर चाचणीचा आकडा छापायची सक्ती अजून तरी कुणी केलेली नाही.