लहान सेवाभावी संस्थेची आर्थिक प्रकृती (सोलापूर)

हाती घेतलेले काम खंड पडू न देता संस्था किती काळ चालवू शकेल, हे तिच्या आर्थिक प्रकृतीवर ठरते. एका वर्षाच्या जमाखर्चातून ती उमगत नाही. चार-पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

सोलापुरात विडी कामगारांच्या वस्त्यांत अभ्यासिका, बालवाड्या, शिवणवर्ग चालवणाऱ्या संस्था बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. दरवर्षी लेखापरीक्षण करून घेऊन हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. देणगीदार मुख्यतः गावातलेच : चादर-टॉवेलचे कारखानदार, व्यापारी, डॉक्टर. त्यामुळे सुताचे भाव चढले किंवा टॉवेलची निर्यात मंदावली, की संस्थेचे पावतीपुस्तकही मंदावते. चादरी भेट मिळतात, पण त्यातून शिक्षिकांचे मानधन भागत नाही.

बँकेतील शिल्लक सर्वांत जास्त फसवते. समजा, ३१ मार्चला खात्यात ६ लाख रुपये आहेत. त्यांतले ४ लाख एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतून) संगणकवर्गासाठी दिलेले. ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. दरमहा खर्च ८० हजार असेल, तर मोकळे २ लाख अडीच महिनेच पुरतात. भाडे आणि वीजबिलासाठी देणगी द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, आणि नेमक्या याच खर्चापायी चांगल्या संस्था थकतात.

वर्षअखेर शिल्लक शून्यावर आणलीच पाहिजे, हा समज घातक आहे. प्राप्तिकर सवलतीसाठी उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हावा लागतो. उरलेले १५ टक्के राखून ठेवता येतात. दरवर्षी थोडे थोडे राखले, तर पाच-सहा वर्षांत काही महिन्यांची बेगमी होते.

घसरण आधी मानधनात दिसते : १० तारखेला मिळणारे पैसे २५ तारखेवर जातात. मग ठेवी मोडल्या जातात. ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला ‘विश्वस्तांकडून हातउसने’ ही रक्कम दरवर्षी वाढत असेल, तर संस्था एका माणसाच्या खिशावर चालली आहे असे समजावे. त्याच्या पश्चात वारसांनी ती रक्कम मागितली, तर संस्थेकडे द्यायला काहीच नसते. म्हणून ती फेडायची की देणगीत जमा करायची, हे त्याच्या हयातीतच लेखी ठरले पाहिजे.