घरगुती दूरध्वनीला इंटरनेट कॉलिंगची जोड

घरातील एकाच दूरध्वनी संचावरून तारेच्या सेवेने (लँडलाइन) आणि इंटरनेटवरून, अशा दोन्ही वाटांनी बोलता यावे म्हणून केलेली जोडणी. संगणकावर किंवा मोबाइल ॲपवर होणाऱ्या संभाषणाचा येथे विचार केलेला नाही. नेहमीचा रिसीव्हर उचलून नेहमीसारखेच बोलता येणे, हे या जोडणीचे वैशिष्ट्य. यासाठी लागणाऱ्या छोट्या पेटीला ॲनलॉग टेलिफोन अडॅप्टर (एटीए) म्हणतात.

उगम : जाळ्यावरून आवाज पाठविण्याची सुरुवात कधी झाली, याबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे डॅनी कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्पानेटसाठी (इंटरनेटचे पूर्वरूप असलेले जाळे) १९७३ च्या सुमारास आखलेला ‘नेटवर्क व्हॉइस प्रोटोकॉल’ हा प्रारंभ होय. त्याचे पहिले प्रयोग १९७४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात झाले. लिखित स्वरूपात (आरएफसी ७४१ या क्रमांकाचा तांत्रिक दस्तऐवज) तो १९७७ मध्ये आला. त्यामुळे आराखडा, प्रयोग आणि प्रकाशन यांपैकी कशाला महत्त्व द्यावे त्यानुसार वर्ष बदलते. दुसरे मत व्होकलटेक या इस्रायली कंपनीच्या १९९५ मधील ‘इंटरनेट फोन’ या संगणक-प्रणालीला मान देते. प्रस्तुत विषयापुरते पाहिल्यास दोन्ही मते थोडी बाजूलाच पडतात. कारण दोन्हींत घरचा फोन व त्याची तार यांना स्थान नव्हते. घरगुती जोडणीचा वंश एटीएपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. कोमोडो टेक्नॉलॉजी ही कंपनी सिस्को या अमेरिकी कंपनीने २००० मध्ये घेतली व तिचे उपकरण ‘एटीए १८६’ म्हणून विकले. कोमोडोच्याच संस्थापकांनी पुढे सिपुरा ही कंपनी काढली; तीही २००५ मध्ये सिस्कोकडेच गेली. सिपुराच्या ‘एसपीए-३०००’ या पेटीला फोनसाठी एक आणि एक्स्चेंजच्या तारेसाठी एक असे दोन जॅक होते. इंटरनेट आणि लँडलाइन यांचा घरगुती सांधा खऱ्या अर्थाने येथे जुळला.

दोन जॅक : हे दोन जॅक दिसायला सारखेच (आरजे-११) असतात, आणि बहुतेक चुका येथेच होतात. फोन जोडावयाचा तो ‘एफएक्सएस’. भिंतीतील लाइन जोडावयाची तो ‘एफएक्सओ’. यातील ‘एफएक्स’ म्हणजे ‘फॉरिन एक्स्चेंज’; त्याचा परदेशाशी संबंध नाही. ग्राहकाला आपल्या भागातील एक्स्चेंज सोडून दुसरीकडच्या एक्स्चेंजची लाइन देण्याच्या जुन्या सोयीचे ते नाव. ‘ओ’ म्हणजे ऑफिस यावर एकमत आहे. ‘एस’ म्हणजे स्टेशन की सबस्क्रायबर यावर नाही, मात्र अर्थाला त्याने बाध येत नाही. एफएक्सएस जॅक स्वतः एक्स्चेंजची भूमिका करतो : सुमारे ४८ व्होल्ट दाब पुरवितो, डायल टोन ऐकवितो, घंटा वाजवितो. एफएक्सओ उलट फोनची भूमिका करतो. फोनची वायर चुकून एफएक्सओमध्ये गेल्यास रिसीव्हरमध्ये शांतता असते. लाइनची वायर एफएक्सएसमध्ये गेल्यास दोन्हीकडून विद्युत् दाब समोरासमोर येऊन उपकरण जळण्याचा संभव असतो.

दुसरी अडचण फोन ठेवल्याचे कळण्याची. पलीकडच्याने रिसीव्हर ठेवला हे पेटीला पुष्कळदा केवळ एंगेज टोनवरून ओळखावे लागते. अमेरिकेत तो ४८० व ६२० हर्ट्‌झचा मिश्र स्वर असून अर्धा सेकंद वाजतो, अर्धा सेकंद थांबतो. भारतातील एंगेज टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. पेटीतील टोनची अमेरिकी मांडणी (सेटिंग) तशीच ठेवली तर तिला भारतीय टोन ओळखू येत नाही. बोलणे संपूनही लाइन अडकून राहते आणि घरी फोन करणाऱ्यांना तासन्‌तास एंगेज ऐकू येतो. प्रतिध्वनीचा त्रासही होतो. तो लाइन आणि पेटी यांचा विद्युत् अवरोध न जुळल्याने.

आवाजाची गुणवत्ता : आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याच्या जी.७११ या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट लागतात. आवाज ज्या छोट्या तुकड्यांत (पॅकेट) पाठविला जातो त्या पाकिटांची शीर्षके धरून साधारण ८०. जी.७२९ या दुसऱ्या पद्धतीत आवाज ८ किलोबिटांत बसतो, पण फॅक्स त्यातून जात नाही.

भारतातील स्थिती : नव्या दूरसंचार धोरणात (१९९९) इंटरनेट टेलिफोनीला परवानगी नव्हती. १ एप्रिल २००२ पासून ती मिळाली, तरी इंटरनेट सेवादात्यांना देशातील सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी ती जोडता येत नव्हती. परदेशी फोन करता येई, पण तोच कॉल नाशिकच्या लँडलाइनवर उतरविता येत नसे. परदेशातून इंटरनेटवरून आलेले कॉल विनापरवाना स्थानिक लाइनवर उतरविणे हा बेकायदा एक्स्चेंजचा प्रकार ठरतो. म्हणजे वर वर्णिलेला एफएक्सओ जॅक तांत्रिकदृष्ट्या सोपा, पण कायद्याच्या दृष्टीने नाजूक होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी बीएसएनएलची ‘विंग्ज’ ही इंटरनेट कॉलिंगची सेवा आली. परदेशी क्रमांकाचा अडॅप्टर भारतातील नातेवाइकांकडे ठेवण्याची रीत परदेशस्थ मराठी कुटुंबांतही आहे. न्यू जर्सीतल्या मुलाला पुण्याचे घर मग स्थानिक क्रमांकावर मिळते.

फायबर जोडण्यांमध्ये हा सांधा पेटीतच मुरला आहे. ऑप्टिकल मोडेमच्या मागील फोनचा जॅक हा एफएक्सएसच असतो. ग्राहक त्याला लँडलाइनच म्हणतो. फरक जाणवतो तो वीज गेल्यावर. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळे, म्हणून भारनियमनातही डायल टोन असे. मोडेम इन्व्हर्टरवर नसेल तर फोन बंद. ‘एसपीए-३०००’ सारख्या पेटीत वीज जाताच आतला रिले (विजेवर चालणारा स्विच) टक् आवाज करून सुटतो व फोन थेट जुन्या लाइनला जोडला जातो. तारेची लाइन काढून टाकली असेल तर अर्थात याचा उपयोग नाही.

चकतीचे जुने संच बऱ्याच एटीएंना चालत नाहीत. चकतीचे स्पंद पेटी ओळखत नाही. आलेला फोन वाजतो, बोलताही येते, नंबर मात्र फिरविता येत नाही.