कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीचा परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या बंदुकीने होणाऱ्या शिकारीचा पहिला हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो आणि त्यासाठीच्या परवान्यांच्या सोडतीचा अर्ज मात्र एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठ वाजता बंद होतो. या दोन तारखांमध्ये सहा महिन्यांचे अंतर आहे हे लक्षात न आल्यामुळे दर सप्टेंबरात मला आपल्या मराठी मंडळींचे दोन-तीन फोन येतात, आणि प्रत्येकाला 'आता पुढच्या वर्षी' एवढेच सांगावे लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामासाठी काही भागांत नर एल्कचे परवाने सोडतीशिवाय थेट विकत मिळतात, ही गोष्ट खरी आहे. पण तिच्या भरवशावर राहणाऱ्यांना मादीचा किंवा कमी गर्दीच्या भागाचा परवाना सहसा मिळत नाही. रात्रीचे आठ हे डेन्व्हरच्या घड्याळातले आठ आहेत. न्यू जर्सीच्या भावाला सोबत घ्यायचे असेल तर त्याच्याकडे तेव्हा दहा वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियाच्या मेहुण्याकडे सातच. मेहुणाच उशीर करतो, कारण त्याला वाटते की अजून तास शिल्लक आहे.

अर्ज कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्य खात्याच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. खाते उघडणे, पत्ता आणि जन्मतारीख देणे, उंची-वजन लिहिणे यात अवघड काही नाही. अडचण त्याआधीच्या कागदांची असते आणि ते कागद ठरावीक क्रमानेच मिळतात.

पहिला कागद हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या अभ्यासक्रमाच्या, कार्डाचा. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हे कार्ड लागते, म्हणजे हा मजकूर वाचणाऱ्या जवळपास सर्वांनाच ते लागेल. हा अभ्यासक्रम अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात केलेला चालतो, त्यामुळे टेक्सासहून आलेल्यांनी तो पुन्हा करण्याची गरज नाही. मात्र भारतातला शस्त्रपरवाना, आजोबांच्या बारा बोरच्या बंदुकीची कागदपत्रे किंवा एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र यांचा येथे काहीही उपयोग होत नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण एक गृहस्थ हे शेवटचे प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेऊन आले होते आणि काउंटरवरच्या बाईंनी ते बराच वेळ कौतुकाने पाहून परत केले. मार्चमध्ये या वर्गांना जागा मिळणे कठीण होते. जानेवारीत नाव नोंदवावे.

दुसरी अट २०१९ पासूनची आहे आणि सर्वाधिक अर्ज तिच्यापाशीच थबकतात. सोडतीत भाग घेण्याआधी एक पात्रता परवाना विकत घ्यावा लागतो. वार्षिक स्मॉल गेम परवाना किंवा स्प्रिंग टर्कीचा परवाना त्यासाठी चालतो. ज्याला ससा मारायचा नाही आणि टर्कीही मारायची नाही त्याने हा परवाना का घ्यावा, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की त्यातून निधी उभा राहतो. अर्जदाराला मात्र तो विनाकारण भुर्दंड वाटतो आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही. मात्र हाच परवाना आपल्यापैकी अनेकांना दुसऱ्या एका कारणासाठी उपयोगी पडतो आणि ते कारण व्हिसाशी संबंधित आहे.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ वर असलेल्याला, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. येथे 'मुदतीत असलेला' हे शब्द नीट वाचावेत. कोलोरॅडोचा वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. तो संपला आणि नवा घेतला नाही, तर घरातल्या कपाटात कुलूपबंद ठेवलेली, रीतसर विकत घेतलेली बंदूकसुद्धा दुसऱ्या दिवसापासून गुन्ह्याचा ऐवज ठरू शकते, आणि बंदुकीच्या गुन्ह्याचा शेवट तुरुंगापुरता न राहता देशाबाहेर पाठवणीपर्यंत जाऊ शकतो. मित्राची बंदूक दोन मिनिटे हातात धरून पाहणे किंवा नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन सराव करणे हेदेखील बाळगण्यातच मोडते. म्हणून परवाना आधी आणि सराव नंतर, हा क्रम व्हिसावरच्या माणसाने मोडू नये. हंटर एज्युकेशनच्या वर्गात प्रत्यक्ष गोळीबार असेल तर आपली स्थिती शिक्षकांना आधीच सांगावी. दुकानदार बंदूक विकताना हा परवाना मागतो आणि त्याची नोंद ठेवतो. ज्यांना या सगळ्याची धास्ती वाटते त्यांनी धनुष्यबाणाचा सप्टेंबरमधला हंगाम पाहावा, कारण धनुष्य हे या कायद्यात अग्निशस्त्र नाही. ज्याचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे त्याने यातले काहीही करण्यापूर्वी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल लिहावा.

यानंतरचा प्रश्न रहिवाशाचा. अर्जाच्या लगेच आधीचे सलग सहा महिने कोलोरॅडोत वास्तव्य असेल आणि हेच आपले घर असेल, तरच रहिवासी दर मिळतो. नोकरीनिमित्त डिसेंबरात डेन्व्हरला आलेला माणूस मार्चमध्ये स्वतःला रहिवासी समजतो, घराचा करार दाखवतो, मुलांच्या शाळेचा दाखला दाखवतो. पण तीन महिने म्हणजे सहा महिने नव्हेत. जो सहा महिने पूर्ण करून आहे पण ज्याने ड्रायव्हिंग लायसन्स कंटाळा करत उशिरा बदलून घेतले, त्याची अवस्था अधिक वाईट होते, कारण लायसन्सवरची तारीख नवी दिसते आणि वास्तव्याचे जादा पुरावे मागितले जातात. येथील विद्यापीठात किमान सहा महिने पूर्णवेळ शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना सवलत आहे. रहिवाशाला एल्कचा परवाना शंभर डॉलरांच्या आत पडतो आणि बाहेरच्याला नर एल्कसाठी सातशेहून अधिक मोजावे लागतात. या तफावतीमुळे खोटे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण खोट्या माहितीवर घेतलेला परवाना म्हणजे परवाना नसणेच होय, आणि व्हिसावरच्या माणसासाठी त्याचा अर्थ काय होतो ते वर आलेच आहे.

सोशल सिक्युरिटी क्रमांक हा असाच एक काटा आहे. मासे पकडण्याच्या आणि शिकारीच्या परवान्याला हा क्रमांक कशासाठी, असे प्रत्येक जण विचारतो. त्याचे मूळ १९९६ च्या एका संघीय कायद्यात आहे, ज्यानुसार मुलांचा पोटगीखर्च बुडवणाऱ्या पालकांना शोधण्यासाठी राज्यांनी असे क्रमांक नोंदवून घ्यायचे असतात. एल्कशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एच-४ वरच्या अनेक गृहिणींकडे हा क्रमांक नसतो आणि ऑनलाइन अर्ज तेथेच अडून बसतो. रात्री अकरा वाजता संगणकाशी भांडण्यापेक्षा पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद घेऊन दिवसाउजेडी खात्याच्या कार्यालयात जावे.

आता खुद्द अर्जातली मेख. कोणता प्राणी, कोणत्या भागात, कधी आणि कशाने मारायचा हे सर्व एका हंट कोडमध्ये लिहायचे असते. 'ई-एफ-०२०-ओ१-आर' याचा अर्थ एल्क, मादी, भाग क्रमांक २०, पहिला हंगाम, रायफल. यातला 'ओ' हे अक्षर आहे, शून्य नाही. शेवटच्या संध्याकाळी 'कोड चुकीचा आहे' हा लाल संदेश पाहून घामाघूम झालेल्या बहुतेकांनी येथे शून्य दाबलेले असते. अर्जात चार पसंतीक्रम देता येतात आणि खरे नुकसान पहिल्याच रकान्यात होते. पहिल्या पसंतीला परवाना मिळाला नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे पुढच्या सोडतीत अग्रक्रम देणारा गुण, जमा होतो. मिळाला, तर साठलेले सगळे पॉइंट शून्यावर येतात, मग तो परवाना एकही पॉइंट नसताना मिळाला असता तरीही. पाच वर्षे साठवलेले पॉइंट 'काहीतरी पदरात पडू दे' म्हणून सोप्या भागासाठी पहिल्या पसंतीला उधळलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या ते चौथ्या पसंतीला पॉइंट खर्च होत नाहीत. म्हणून ज्याला चांगल्या भागासाठी थांबायचे आहे त्याने पहिल्या पसंतीला फक्त पॉइंट मागणारा 'ई-पी-९९९-९९-पी' हा कोड घालावा आणि सोपा भाग दुसऱ्या पसंतीला टाकावा. गटाने अर्ज केला तर गटातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट सर्वांना लागू होतात, हे मैत्रीखातर विसरू नये. सलग दहा वर्षे अर्जच केला नाही, तर पॉइंट नष्ट होतात.

निकालानंतर परवान्याचे पैसे नोंदवलेल्या कार्डातून आपोआप घेतले जातात. दरम्यान कार्ड बदलले असेल आणि ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे पोहोचले नाहीत, तर परवाना जातो आणि पॉइंटही जातात. मे-जूनमध्ये भारतात सुट्टीला असलेल्यांचे हे हमखास होते.

परवाना हातात आल्यावर बहुतेक जण ट्रेल कॅमेऱ्याकडे वळतात. ताडोबात वाघांच्या गणतीसाठी झाडाला बांधतात तो कॅमेरा ट्रॅप आणि हा कॅमेरा एकच, पण शिकाऱ्यासाठी त्याचे नियम वेगळे आणि राज्यागणिक निराळे आहेत. ॲरिझोनात शिकारीसाठी त्याच्या वापरावर १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. युटा आणि नेव्हाडात शिकारीच्या महिन्यांत निर्बंध आहेत. कोलोरॅडोत मेमरी कार्डावर चित्र साठवणारा कॅमेरा चालतो. जो कॅमेरा फोनवर चित्र पाठवू शकतो त्याच्या आधारे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्राण्याचा माग काढणे मात्र बेकायदा आहे. दुकानात हल्ली पाठवणारेच कॅमेरे पुढे मांडलेले असतात आणि 'सिम टाकले नाही म्हणजे झाले' असे विक्रेता सांगतो. परंतु नियमाची व्याख्या पाठवण्याच्या क्षमतेवर बेतलेली आहे, त्यामुळे साधा कार्डाचा कॅमेराच घ्यावा. तो छातीच्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून बांधावा आणि समोरचे गवत कापून घ्यावे. माझ्या पहिल्या कार्डावर अकराशे चित्रे निघाली होती: अ‍ॅस्पेनच्या झाडाची एक फांदी वाऱ्याने हलत होती आणि एका चित्राच्या कडेला एल्कचा मागचा पाय होता. खाजगी जमिनीवर पाटी असो वा नसो, मालकाची परवानगी घेतल्याशिवाय शिकारही करू नये आणि कॅमेराही बांधू नये. रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या हद्दीत शिकारीला बंदी आहे, आणि ही हद्द भाग क्रमांक २० ला लागूनच असल्यामुळे नकाशा डाउनलोड करून न्यावा, कारण तेथे फोनला रेंज नसते.