चालत-बोलत मानसोपचार

समुपदेशक आणि उपचार घेणारी व्यक्ती यांनी मोकळ्या हवेत बरोबरीने चालत संवाद साधण्याची मानसोपचार पद्धत. पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी ती विशेष उपयोगी मानली जाते. मन मोकळे करायला आलेला पुरुषही समोरची नजर आपल्यावर खिळली की अनेकदा गप्प होतो. चालताना दोघांचेही डोळे वाटेवर असतात. मध्येच बोलणे थांबले तरी पावले चालू राहतात आणि शांतता अवघड वाटत नाही. पुरुषांनी एकत्र जमून हातकाम करण्याच्या ‘मेन्स शेड’ या ऑस्ट्रेलियातील चळवळीचे ब्रीदही हेच सांगते: पुरुष समोरासमोर नव्हे, खांद्याला खांदा लावून बोलतात.

ऑगस्ट १९१० मध्ये संगीतकार गुस्टाव्ह मालर वैवाहिक संकटात होते. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी ठरवलेली भेट त्यांनी वारंवार रद्द केली. ही टाळाटाळ आजच्या समुपदेशकांनाही ओळखीची वाटेल. अखेर नेदरलँड्समधील लायडेन शहरात दोघे भेटले आणि सुमारे चार तास रस्त्यांवरून फिरत बोलले. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ थॅडियस कोस्ट्रुबाला रुग्णांबरोबर धावत उपचार करू लागले.

वाट, वेळ आणि पाऊस आला तर काय करायचे, हे आधीच ठरवतात. चालण्याचा वेग उपचार घेणाऱ्याचा असतो. खरा पेच गोपनीयतेचा. सकाळच्या बागेत ‘काय, आज इकडे कुठे?’ म्हणत कोणी ओळखीचे थांबले, तर सोबतच्या माणसाची ओळख काय करून द्यायची, हेही आधी बोलून घ्यावे लागते.

ब्रिटन व ऑस्ट्रेलियात पुरुषांचे चालण्याचे गटही आहेत. एकाकीपणात त्यांचा मोठा आधार होतो, पण प्रशिक्षित समुपदेशकाशिवाय त्याला उपचार म्हणता येत नाही. २०१५ मधील अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासात निसर्गात ९० मिनिटे चाललेल्यांमध्ये तेच ते विचार घोळवणे कमी झालेले आढळले. मात्र त्यात ३८ जणच होते आणि तो अभ्यास केवळ चालण्याचा होता.

भारतात २०२२ मध्ये नोंद झालेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुषांच्या होत्या; राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, २२,७४६ होता. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, तर चालत-बोलत सत्रावर विसंबू नये. तातडीने डॉक्टरांकडे जावे किंवा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.