बोट लागलं, हे धाग्याला कळतं कसं?

बाहीवरून बोट फिरवलं की खिशातल्या फोनवरचं गाणं बदलतं. गूगल आणि लिव्हाइसने २०१७ मध्ये असं जॅकेट बाजारात आणलं, तेव्हा अनेकांना वाटलं की कापडात बारीक बटणं शिवली असतील, नाहीतर बोटाची ऊब लागत असेल. खरं कारण याहून सुंदर आहे.

बाहीत काही वीजवाहक धागे विणलेले होते. अशा धाग्यांचा एक प्रकार म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू आणि त्यांवर चांदीचा अतिशय पातळ थर. नायलॉनमुळे धागा हवा तसा वळतो, वीज चांदीतून वाहते.

आता शाळेतला कपॅसिटर आठवा: दोन वाहक, मध्ये रोधक. आपल्या शरीरात खारं पाणी आहे, म्हणून शरीरही वाहक. धागा हा एक वाहक, बोट दुसरा, मधलं कापड आणि कातडीचा कोरडा थर हा रोधक. बोट जवळ आलं की धाग्याची विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजे धारिता, वाढते. चिप हा धागा १० लाख ओहमच्या रोधातून पुन्हा पुन्हा भारित करते आणि त्याला किती वेळ लागला ते मोजते. समजा, एरवी धारिता १० पिकोफॅरड (धारितेचं अगदी छोटं एकक) आहे. भारित व्हायला लागणारा वेळ साधारण रोध गुणिले धारिता, म्हणजे १० मायक्रोसेकंद. बोटाने ५ पिकोफॅरडची भर घातली की झाले १५. चिपचं घड्याळ सेकंदाला १.६ कोटी ठोके देत असेल, तर मोजणी १६० वरून २४० वर जाते. स्पर्श म्हणजे हे ८० जादा ठोके!

यातली खरी गंमत पुढे आहे. धागा ताणला, धुतला, चांदी थोडी झिजली आणि त्याचा रोध हजारभर ओहमने वाढला, तरी १० लाखांपुढे ती दर्यात खसखस. म्हणजे इथे उत्तम वाहक लागतच नाही.

घाम मात्र त्रास देतो. तोही खारं पाणीच. शेजारशेजारचे धागे तो जोडून टाकतो. म्हणून धाग्यावर रोधक आवरण चढवतात. विद्युतक्षेत्र आवरणापलीकडे पोहोचतं, त्यामुळे स्पर्श तरीही कळतो.

चांदीच्या धाग्यांचे कपडे ‘शरीरातली ऊर्जा संतुलित करतात’ अशा जाहिरातींवर अजिबात विश्वास ठेवू नका. वरच्या उदाहरणात ३ व्होल्टला धाग्यात साठणारी ऊर्जा एका ज्यूलचा सुमारे २,००० कोटीवा भाग आहे. ती चिपला जेमतेम मोजता येते, शरीराचं ती काय संतुलन करणार?

खरी अडचण आहे ती मऊ धागा कडक चिपला जोडायची. डाग द्यायला जावं, तर कथील वितळवणाऱ्या उष्णतेत नायलॉनही वितळू लागतं. आणि वापरताना कापड दरवेळी दुमडतं ते नेमकं त्या जोडापाशी.