ऑसिलोस्कोपवरील नॉइज: फिल्टर लावण्यापूर्वी मूळ नोंद जपावी

भोसरी, चाकण आणि पिंपरी परिसरातून आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या पॉवर सप्लाय व सेन्सर कार्डांसोबत अनेकदा ऑसिलोस्कोपच्या (विद्युतदाब काळानुसार कसा बदलतो ते रेषेने दाखवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्याचे छायाचित्र असते आणि त्यातील रेषा अगदी स्वच्छ असते. कार्डातील दोषाचा माग मात्र बहुधा त्याच नॉइजमध्ये (सिग्नलमध्ये मिसळलेल्या नकोशा चढउतारांत) असतो, जो फिल्टरने पुसून टाकलेला असतो. फिल्टर जरूर वापरावा, परंतु त्याआधीची नोंद हाताशी असावी, अशी आमची विनंती आहे.

100 मेगाहर्ट्झच्या स्कोपवर 20 मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा (त्याहून जास्त वारंवारता कापणारी) लावली, की सर्व वारंवारतांवर सारखा पसरलेला नॉइज आरएमएस मापाने (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाने) सुमारे 2.2 पटींनी कमी दिसतो. पण त्याचबरोबर 17.5 नॅनोसेकंदांहून जलद चढणारी कडा पडद्यावर तेवढी जलद दिसूच शकत नाही आणि स्विचिंगच्या (ट्रान्झिस्टर चालू-बंद होण्याच्या) क्षणी उठणारे टोकदार स्पाइक बुटके होतात. रिपल (पॉवर सप्लायच्या डीसी दाबावरील लहान चढउतार) मोजताना ही मर्यादा लावण्याचा प्रघात आहे व तो योग्यही आहे, मात्र ती लावल्याचा उल्लेख अहवालात हवाच.

अ‍ॅव्हरेजिंग आमच्या मते अधिक फसवे आहे. 64 नोंदींची सरासरी घेतल्यास यादृच्छिक नॉइज आठपट घटतो, कारण ही घट नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे होते. परंतु ट्रिगरशी (स्कोप ज्या क्षणाला धरून नोंद घेतो त्याच्याशी) न जुळणारे सारेच, मग ते शेजारच्या इन्व्हर्टरकडून आलेले असो वा सैल टर्मिनलमुळे अधूनमधून उमटणारे असो, त्या सरासरीत विरून जाते.

म्हणून प्रथम पूर्ण बँडविड्थवर, अ‍ॅव्हरेजिंग बंद ठेवून, सिंगल ट्रिगरने (एकदाच टिपून थांबणारी) नोंद घ्यावी आणि ती छायाचित्राऐवजी सीएसव्ही (आकड्यांच्या साध्या) फाइलमध्ये साठवावी. फिल्टर त्या फाइलच्या प्रतीवर संगणकात लावावा. फिल्टरमुळे सिग्नल थोडा मागे सरकतो, त्यामुळे तो एकदा पुढून व एकदा मागून चालवावा, म्हणजे विलंब फिटतो. त्यानंतर मूळ नोंदीतून फिल्टर केलेली नोंद वजा करून उरलेला भाग अवश्य पाहावा. त्यात स्विचिंगच्या ठेक्यावर येणारे स्पंद दिसले, तर फिल्टरने नॉइजबरोबर सिग्नलही कापला आहे, असे समजावे.

स्कोपचा स्वतःचा नॉइज वेगळा ओळखण्यासाठी प्रोबचे (स्कोपला जोडलेल्या मोजणीच्या तारेचे) टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला जोडून, त्याच व्होल्ट प्रति चौकटीवर आणखी एक नोंद घ्यावी. सिग्नल दहापट लहान करून स्कोपकडे नेणाऱ्या 10:1 प्रोबमुळे हा नॉइज दहापट मोठा भासतो. प्रत्यक्ष मोजणीत ग्राउंडची लांब तार टाळून आखूड स्प्रिंग वापरावी, कारण लांब तारेचा फेरा आजूबाजूचा नॉइज ओढून घेतो.

कार्ड पाठवताना सॅम्पलिंगचा वेग (दर सेकंदाला घेतलेल्या मोजमापांची संख्या) आणि प्रोबचे प्रमाण लिहून मूळ व फिल्टर केलेली अशा दोन्ही फाइली द्याव्यात; एकच देणे शक्य असेल, तर मूळ द्यावी.