डाग घासून जात नाहीत

चेहऱ्यावरच्या काळ्या डागांवर लिंबू चोळा, रोज स्क्रब करा, डाग निघतील, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. निघत तर नाहीतच, उलट बरेचदा वाढतात.

डाग म्हणजे मळ नव्हे. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी मेलॅनोसाइट पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवून शेजारच्या पेशींना पुरवतात. ऊन, संप्रेरकांतले बदल किंवा मुरुमानंतरचा दाह यांमुळे हे काम वाढतं. आणि जोरात घासणं म्हणजे पुन्हा दाहच. लिंबाचं तर आणखी वाईट: रसाचा पीएच साधारण 2, म्हणजे तो तीव्र आम्लधर्मी असतो, त्यातल्या फ्युरोकुमारिन द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन महिनोन्‌महिने टिकणारे डाग पडू शकतात. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हा तर्क इथे साफ फसतो.

खरा उपचार कंटाळवाणा आहे. पहिलं सनस्क्रीन, किमान एसपीएफ 30, दर दोन तासांनी पुन्हा. वांग (मेलाज्मा, चेहऱ्यावरचे तपकिरी चट्टे) डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही वाढतो, म्हणून त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड (रंगछटा असलेलं) सनस्क्रीन अधिक उपयोगी. मग त्वचारोगतज्ज्ञ ॲझेलेइक ॲसिड, ट्रेटिनॉइन किंवा ठरावीक काळापुरतं हायड्रोक्विनोन देतात. शेवटची दोन गरोदरपणात टाळतात. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, खोलवरच्या डागांना त्याहून जास्त. आठवड्यात चेहरा उजळवणाऱ्या क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं, आणि ते दीर्घकाळ लावलं तर त्वचा पातळ होते.